तेहेतिसावी शाळा

१९६८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ३३ प्राथमिक शाळा होत्या. अभ्यासावरून त्यांचा क्रम लावला की तळाला हमखास दोन नावं यायची: मार्टिन ल्यूथर किंग शाळा आणि सिमियन बाल्डविन शाळा. आपल्या भाषेत 'ढ' शाळा. मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, बहुतेक घरं गरीब, गैरहजेरी भरपूर, भांडणं रोजची, आणि शिक्षक टिकत नाहीत. (वाचताना कुठली तरी ओळखीची शाळा डोळ्यासमोर आली ना? मलाही आली.)

गंमत म्हणजे न्यू हेवन काही दुर्लक्षित गाव नव्हतं. येल विद्यापीठ तिथलंच. रिचर्ड ली नावाच्या महापौरांनी केंद्र सरकारकडून एवढा पैसा आणला होता की लोक त्याला 'आदर्श शहर' म्हणायचे. जुन्या वस्त्या पाडून मोठे रस्ते झाले, इमारती झाल्या. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याच आदर्श शहरात दंगल झाली. वस्त्या सुधारल्या की माणसं आपोआप सुधारतात, हा हिशोब कुठेतरी चुकत होता.

त्याच सुमाराला देशभर एका अहवालाची चर्चा चालू होती. १९६६ सालचा जेम्स कोलमन यांचा अहवाल. चार हजारांच्या आसपास शाळा, सहा लाखांहून जास्त विद्यार्थी, म्हणजे त्या काळच्या मानाने अवाढव्य डेटा. निष्कर्ष थोडक्यात असा, की मुलाच्या यशापयशात शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा. आता या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, गरिबीचं काहीतरी करा. दुसरा, शाळेच्या हातात फारसं काही नाही, सोडून द्या. दुसरा अर्थ सोयीचा होता, म्हणून तोच जास्त पसरला.

तो ज्यांना मान्य नव्हता त्यांच्यात जेम्स कोमर हे बालमानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म १९३४, इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागोचा. वडील पोलाद कारखान्यात, आई मॅगी लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. आईला स्वतःला दोन वर्षंसुद्धा शाळा मिळाली नव्हती, पण तिच्या पाच मुलांनी मिळून तेरा पदव्या घेतल्या. ही गोष्ट इथेच संपली असती तर 'जिद्दीची कहाणी' म्हणून रविवारच्या पुरवणीत शोभली असती. पण कोमर तिथे थांबत नाहीत. ते आपल्याबरोबर शाळेत असलेल्या तीन मित्रांचं सांगतात. तिघंही त्यांच्याइतकेच हुशार. एक दारूपायी लवकर गेला, एकाचं बरंच आयुष्य तुरुंगात गेलं, एक मनोरुग्णालयाच्या फेऱ्या मारत राहिला. डोकं तेच, शाळा तीच, मग फरक कशाचा? कोमरांचं उत्तर असं की आपल्या घराने आपल्याला शाळेत वागायला तयार करून पाठवलं होतं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यासाठी शाळेने काहीच केलं नाही.

१९६८ मध्ये येलच्या बालअभ्यास केंद्राने कोमरांच्या हाताखाली चौघांची टीम या दोन शाळांत पाठवली: एक समाजकार्यकर्ता, एक मानसशास्त्रज्ञ, विशेष मुलांसाठीचा एक शिक्षक, आणि स्वतः कोमर. फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. पहिलं वर्ष साफ फसलं. विद्यापीठातून नवनव्या कल्पना आल्या, वर्ग हाताबाहेर गेले, पालक संतापले. (क्लायंटकडे जाऊन न विचारता नवी सिस्टीम बसवली की जे होतं तेच. फक्त इथे यूजर सात-आठ वर्षांचे होते.)

पुढे जे उभं राहिलं ते या गडबडीतूनच. शाळा चालवायला एक गट केला, साधारण डझनभर लोकांचा. मुख्याध्यापक प्रमुख, पण सोबत शिक्षकांचे प्रतिनिधी, पालकांचे प्रतिनिधी, मानसशास्त्राची माणसं, आणि शाळेतले शिक्षक नसलेले कर्मचारीसुद्धा. या गटाने पूर्ण शाळेचा एकच आराखडा करायचा: अभ्यास, शाळेतलं वातावरण, शिक्षकांचं प्रशिक्षण, सगळं त्यात. मग ठराविक काळाने काय जमलं, काय नाही ते बघून आराखडा बदलायचा. आजच्या कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरला यात नवीन काही वाटणार नाही. खरी ताकद मला तीन नियमांत दिसते. मतं मोजून नाही, एकमताने ठरवायचं. गटाने मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत, पण मुख्याध्यापकांनीही गटाला डावलायचं नाही. आणि तिसरा, सगळ्यात अवघड: चूक कोणाची हे बैठकीत काढायचंच नाही.

तिसरा नियम ऐकायला गुळमुळीत वाटतो. रात्री सर्व्हर कोसळल्यावर सकाळच्या मीटिंगमध्ये जो बसलाय त्याला विचारा. पहिला अर्धा तास 'कोणी केलं' यात जातो आणि ज्याला खरं माहीत असतं तो गप्प बसतो. न्यू हेवनमध्ये शिक्षक म्हणत पालकांना पडलेलीच नाही, पालक म्हणत शिक्षकांना आमची पोरं नकोशी आहेत, आणि दोघं मिळून म्हणत वरचे लोक लक्ष देत नाहीत. सगळ्यांच्याच म्हणण्यात थोडं खरं होतं, म्हणून तर ते वर्षानुवर्षं चालू होतं.

कोमरांनी १९८८ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलेल्या लेखात एक प्रसंग आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागातून आठ वर्षांचा एक मुलगा किंग शाळेत आला. नातेवाईक बाईने कामावर जाता जाता त्याला सोडलं आणि ती निघून गेली. वर्गातल्या बाईंकडे आधीच नव्या मुलांची भर पडलेली, त्यांच्या चेहऱ्यावर 'अजून एक?' असा भाव. पोरगं घाबरलं, बाईंना लाथ मारली आणि वर्गाबाहेर पळालं. नेहमीच्या शाळेत पुढची गोष्ट ठरलेली असते: मुख्याध्यापकांसमोर उभं करणं, शिक्षा, परत वर्गात आल्यावर पोरांचं हसणं, मग त्याची मारामारी, शेवटी 'समस्या असलेला मुलगा' असा कायमचा शिक्का. इथे गटाने वेगळाच प्रश्न विचारला. त्या क्षणी त्या मुलाला काय वाटलं असेल? घर सुटलं, ओळखीचं कोणी नाही, आणि समोरच्या बाईंना आपण नको आहोत. उत्तर सापडलं तेही फक्त त्या मुलापुरतं ठेवलं नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा दाखवायची, वर्गाशी ओळख करून द्यायची, अशी पद्धतच पाडली. बग एका ठिकाणी सापडला, दुरुस्ती सगळीकडे केली.

तसंच आणखी एक. या मुलांच्या आयुष्यात माणसं सारखी बदलतात हे लक्षात आल्यावर एकाच शिक्षकाकडे वर्ग सलग दोन वर्षं ठेवला. पहिल्या वर्षी जराही पुढे न सरकलेल्या काही मुलांनी दुसऱ्या वर्षी दोन वर्षांची मजल मारली. यात पैसा जवळजवळ काहीच नाही, फक्त वेळापत्रक बदलायचं होतं.

पालकांना नुसतं मीटिंगला बोलावलं नाही, काहींना वर्गात अर्धवेळ मदतनीस म्हणून मजुरीवर घेतलं. १९७७ पासून शहरी गरीब मुलांसाठी व्यवहारज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू झाला. महापौरांची निवडणूक चालू होती, तर मुलांनी उमेदवारांना निमंत्रणाची पत्रं लिहिली, त्यांचं स्वागत केलं, प्रश्न विचारले, आणि नंतर आभाराची पत्रं लिहिली. भाषा, लेखन, नागरिकशास्त्र, चारचौघांत कसं वागायचं, सगळं एकाच कामात. 'ढ' मुलं पत्र का लिहीत नव्हती? कारण तोवर त्यांनी पत्र लिहावं असं कोणी नव्हतंच.

बाल्डविन शाळा काही वर्षांनी प्रकल्पातून बाहेर पडली, तिच्या जागी तशाच गरीब वस्तीतली कॅथरीन ब्रेनन शाळा आली. १९७९ पर्यंत चौथीतली मुलं आपल्या इयत्तेच्या पातळीला पोचली. १९८४ मध्ये चौथीच्या चाचणीत किंग आणि ब्रेनन या दोन शाळा शहरात तिसऱ्या आणि चौथ्या होत्या. वस्ती तीच, गरिबी तीच.

मग अर्थातच सगळ्यांना ते हवं झालं. १९९० नंतर रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने कोमरांची पद्धत देशभर पसरली, पुढे एक हजाराहून जास्त शाळांत गेली. आणि इथे गोष्ट थोडी फिकी पडते. मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९९ मध्ये कसून तपासणी झाली, तर कोमर पद्धतीच्या आणि इतर शाळांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बऱ्याच ठिकाणी गट कागदावर होता आणि कारभार जुनाच. शिकागोत २००० साली मात्र लहानशी पण खरी सुधारणा दिसली. मला यात कोमरांचा पराभव दिसत नाही. बैठकीचा फॉर्म कॉपी होतो, बैठकीतला विश्वास कॉपी होत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकन सरकारने 'सगळी शाळा एकदम सुधारा' अशी योजनाच काढली. शाळेने कोमरांसारखं एखादं मॉडेल निवडायचं, वर्षाला किमान ५०,००० डॉलर मिळणार. २००३ मध्ये जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी अशी २९ मॉडेल्स एकत्र तपासली. परिणामाचा सगळ्यात भक्कम पुरावा तिघांकडेच निघाला, त्यात कोमरांचं एक. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता: ठळक परिणाम दिसले ते पाच वर्षं किंवा जास्त टिकून राहिलेल्या शाळांत. किंग शाळेला तर इयत्तेच्या पातळीला यायला अकरा वर्षं लागली होती. सरकारी योजनेत एका शाळेला पैसे मिळायचे ते जास्तीत जास्त तीन वर्षं.