ईमूवर मशीनगन



आपल्याकडं ईमू म्हटलं की शेड बांधून कर्जात गेलेली माणसं आठवतात. पण हा पक्षी जिथला, तिथल्या गहूवाल्यांनी एकदा त्याच्यावर सैन्य आणलं होतं. १९३२ साल, पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅम्पियनचा भाग.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या, गहू पेरा म्हणाले. मग मंदी आली, गव्हाचा भाव कोसळला, कबूल केलेलं अनुदान काही हातात पडेना. त्यातच वीसेक हजार ईमू रानात उतरले. त्यांचा तरी काय दोष? पिल्लं काढून झाली की ते आतल्या भागातून किनाऱ्याकडं निघतात. वाटेत साफ केलेली जमीन अन् जनावरांसाठी केलेलं पाणी आयतं मिळालं. गहू खाल्ला तो खाल्लाच, वर कुंपण मोडलं, अन् त्या भगदाडातून ससे आत शिरले. (ससा म्हणजे तिकडं आपल्या रानडुकराइतकाच ताप.)

शेतकरी जुने सैनिक, त्यामुळं ते गेले थेट संरक्षणमंत्री जॉर्ज पिअर्स यांच्याकडं. मेजर मेरेडिथ दोन लुईस गन अन् दहा हजार गोळ्या घेऊन आले. जवानांचं जेवणखाण, राहणं अन् गोळ्यांचा खर्च मात्र शेतकऱ्यांच्याच माथी!

नोव्हेंबरात गोळीबार सुरू झाला. एका बंधाऱ्यापाशी हजारभर पक्षी टप्प्यात आले, तर बारा पडल्यावर बंदूकच अडकली. ट्रकवर बसवून पाहिली, तर खाचखळग्यात नेम धरता येईना. कळप लगेच पांगायचे.

पेपरवाल्यांनी टर उडवली, संसदेत पदकं देणार का म्हणून टोमणे बसले. पक्षीप्रेमी चिडले ते वेगळेच, कारण ईमू त्या देशाच्या राजचिन्हावर आहे. ८ नोव्हेंबरला फौज मागं घेतली. शेतकऱ्यांनी पुन्हा गळ घातली म्हणून १३ तारखेला परत पाठवली, डिसेंबरात कायमची बोलावली. मेरेडिथचा हिशोब ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी. बरोब्बर दहाला एक. हा आकडा मला जरा जास्तच गोल वाटतो.

पुढं तीनदा मागणी होऊनही सैन्य आलं नाही. त्याऐवजी मारलेल्या पक्ष्यामागं बक्षीस चालू ठेवलं, तर १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ ची नोंद झाली. तारेचं कुंपणही वाढत गेलं.

आमच्याकडं पेरलेला भुईमूग मोर उकरतात. पारावर बंदुकीची भाषा निघते, पण मोर राष्ट्रीय पक्षी, कायद्याचं संरक्षण असलेला. मी यंदा उगवण होईपर्यंत अर्ध्या एकरावर जाळी टाकलीय. खर्च किती आला ते पुढच्या नोंदीत लिहितो.