लँकेशरची ‘हू’

मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणगावांत जुनी माणसं बायकोबद्दल बोलताना ‘शी’ म्हणत नसत, ‘हू’ म्हणत. ‘हूज् कमिन्’ हा प्रश्न नव्हे; ‘ती येतेय’ एवढाच त्याचा अर्थ. शाळेतल्या इंग्रजीवर वाढलेल्या कानाला हे अशुद्ध वाटेल, पण हा शब्द ‘शी’हून जुन्या घराण्यातला आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो’साठी ‘हे’ आणि ‘ती’साठी ‘हेओ’ अशी जोडी होती. पुढे उच्चार झिजले आणि बऱ्याच भागांत दोन्ही सर्वनामं सारखीच ऐकू येऊ लागली. तो की ती, कळेना! मराठीत अशी वेळ आली असती तर ‘आला’, ‘आली’ या क्रियापदांनी सावरून घेतलं असतं. इंग्रजीत ती सोय नाही. मग ‘शी’ पुढे आली. तिचं एक अगदी जुनं रूप बाराव्या शतकातल्या पीटरबरोच्या बखरीत सापडतं. ती ‘हेओ’मधूनच घडली की ‘सेओ’ या दर्शक सर्वनामातून, हा वाद अजून मिटलेला नाही.

लँकेशर, चेशर, डर्बीशर या पट्ट्यात मात्र ‘हेओ’चा स्वर वेगळा राहिला. त्याचं आधी ‘हो’ झालं, मग ‘हू’. चौदाव्या शतकाच्या अखेरचं ‘सर गावेन अँड द ग्रीन नाइट’ हे काव्य याच वायव्येकडच्या बोलीतलं. त्यात ‘ती’साठी ‘हो’ येतं.

एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’मधला गिरणी कामगार निकोलस हिगिन्स आपल्या आजारी मुलीला ‘हू’च म्हणतो. लेखिकेचे पती विल्यम यांनी लँकेशर बोलीवर दिलेली दोन व्याख्यानं 1854 मध्ये छापली गेली.