नाव एकाकडे, मूर्ती दुसऱ्याकडे

१९९८च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये झालेला एक व्यवहार मोटारींच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडून जर्मनीच्या फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून रोल्स-रॉइस मोटारींचा क्रू येथील कारखाना विकत घेतला. त्यात यंत्रसामग्री आली, कारागीर आले, गाड्यांचे आराखडे आले आणि बेंटली हे दुसरे प्रतिष्ठित नावही आले. बॉनेटपुढच्या रेडिएटर जाळीचा सुप्रसिद्ध आकार आला. त्या जाळीवर वाऱ्यात झेपावणारी मूर्तीही आली. आले नाही ते फक्त नाव. 'रोल्स-रॉइस' ही अक्षरे आणि एकमेकांत गुंतलेले दोन 'आर' विमानांची इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइस पीएलसी या वेगळ्याच कंपनीच्या मालकीचे होते. तिने ते वापरण्याचा हक्क फोक्सवॅगनची कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या बीएमडब्ल्यूला अवघ्या चार कोटी पौंडांत देऊन टाकला.

देऊळ एकाचे आणि देवाचे नाव दुसऱ्याच्या सातबारावर, अशी ही अवस्था होती. एखाद्या मोटारीचा वारसा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एरवी जाहिरातदारांपुरता राहतो. येथे तो वकील आणि भागधारक यांच्यासमोर रोख किमतीसह उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

'भूत' नावाची गाडी

सरदार घराण्यातला मोटारविक्रेता चार्ल्स रोल्स आणि गरिबीतून वर आलेला यंत्रकुशल हेन्री रॉइस यांची भेट ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात झाली. दोघांच्या नावांनी कंपनी उभी राहिली १९०६ मध्ये. तिला नावलौकिक मिळवून दिला तो मात्र व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी. रोल्स आणि रॉइस यांच्या मधली जोडरेघ म्हणजे जॉन्सन, असे त्या काळी म्हटले जाई, आणि ते अतिशयोक्तीचे नव्हते.

त्या काळातील गाड्यांना नावे नसत. अश्वशक्तीचे आकडे असत. रॉइस यांनी घडवलेली नवी गाडी '४०/५०' या रुक्ष आकड्यानेच ओळखली जाई. जॉन्सन यांनी १९०७ मध्ये या मालिकेतील बारावी गाडी वेगळी काढली, तिला रुपेरी रंग दिला, दिवे आणि दांड्यांना चांदीचा मुलामा चढवला आणि तिच्यावर नावाची पाटी लावली : 'सिल्व्हर घोस्ट'. रुपेरी भूत. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या समाजाला हे नाव अचंब्यात टाकील. परंतु त्यामागचे तर्कशास्त्र सरळ होते. खडखडाट, धूर आणि हादरे हेच मोटारीचे लक्षण असताना ही गाडी आवाज न करता येई आणि जाई. दिसते, पण ऐकू येत नाही, ते भूत.

नावाच्या पाठीशी पुरावा उभा करण्याचे भानही जॉन्सन यांना होते. ही गाडी लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान २७ वेळा धावली, एकूण १५,००० मैलांची चाचणी तिने दिली. त्यानंतर ती खोलून झिजलेले भाग बदलण्यात आले, तेव्हा खर्च आला सुमारे दोन पौंड. पुढल्याच वर्षी, १९०८ मध्ये, अशाच एका '४०/५०' गाडीने मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणीत भाग घेऊन सह्याद्रीचे घाट पार केले. 'पर्ल ऑफ द ईस्ट' असे नाव दिलेली ही गाडी पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेतली. भारतातील संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसवेडाची सुरुवात येथून धरता येते. (अलवरच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून या गाड्या कचरा वाहण्यास लावल्याची गोष्ट मात्र सांगोवांगीच मानावी.)

'सिल्व्हर घोस्ट' हे नाव मुळात त्या एका गाडीचे. १९२५ मध्ये 'न्यू फँटम' आली आणि जुन्या-नव्यात फरक करण्याची गरज पडली, तेव्हा मागे वळून सगळ्या '४०/५०' गाड्यांना ते बहाल झाले.

मूर्ती आणि महिरप

१९१० च्या सुमारास श्रीमंत मालक आपल्या गाडीच्या रेडिएटरवर वाटेल त्या बाहुल्या बसवू लागले होते. या पोरकटपणाला आळा घालण्यासाठी जॉन्सन यांनी शिल्पकार चार्ल्स साइक्स यांच्याकडे कंपनीच्या अधिकृत मूर्तीचे काम सोपवले. १९११ मध्ये तयार झालेली ही मूर्ती म्हणजे 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी'. पुढे झुकलेली, हात मागे टाकलेली आणि वस्त्र वाऱ्यावर पंखांसारखे फुगलेली. गंमत अशी की, खुद्द रॉइस यांना ती पसंत नव्हती. चालवणाऱ्याच्या नजरेत ती अडथळा आणते असे त्यांचे मत होते.

साइक्स यांच्यासमोर एलेनॉर थॉर्न्टन हा चेहरा होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मोटारींचे आद्य पुरस्कर्ते लॉर्ड माँटेग्यू यांच्या त्या सचिव आणि प्रेयसीही. माँटेग्यूंच्या गाडीसाठी साइक्स यांनी त्याआधीच ओठांवर बोट ठेवलेली एक स्त्रीमूर्ती घडवली होती. पहिल्या महायुद्धात माँटेग्यू भारत सरकारचे मोटारवाहतूक सल्लागार म्हणून इकडे निघाले, तेव्हा थॉर्न्टन बरोबर होत्या. मुंबईकडे येणारी त्यांची 'पर्शिया' ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. माँटेग्यू वाचले, थॉर्न्टन बुडाल्या. गाडीवरची मूर्ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे धावते आहे.

मूर्तीखालची जाळी हे तर शैलीशास्त्राचे छोटेसे प्रकरणच आहे. उभे स्तंभ आणि वर त्रिकोणी माथा अशी ती एखाद्या प्राचीन देवळाच्या दर्शनी भागासारखी दिसते. कंपनी तिला रोममधील 'पँथिऑन'चे नाव देते. सपाट पृष्ठभाग आणि ताठ रेषा यांनी ती बनलेली आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात जुन्या जाळीची एकही बाजू पूर्णपणे सपाट नसे. अगदी सरळ रेषा डोळ्याला मध्ये किंचित खचलेली भासते, म्हणून ग्रीक स्थपती खांबांना मध्यभागी अल्पसा फुगवटा देत. तीच युक्ती या पत्र्यात उतरवलेली होती. हा फुगवटा कारागीर हाताने आणि नजरेने साधत असत.

या जाळीची किंमत किती, हे बेंटलीच्या उदाहरणावरून कळते. १९३१ मध्ये रोल्स-रॉइसने बेंटली कंपनी विकत घेतली. पुढे १९५५ नंतर तर अशी वेळ आली की, 'सिल्व्हर क्लाउड' आणि बेंटली 'एस' किंवा 'सिल्व्हर शॅडो' आणि बेंटली 'टी' या जोड्यांत जाळी, मूर्ती आणि चिन्हे सोडली तर फरक शोधावा लागे. यंत्र तेच, चामडे तेच, लाकूड तेच. बेंटली थोडी स्वस्तही होती. तरीही 'सिल्व्हर शॅडो'च्या काळात ग्राहकांनी कितीतरी पटींनी अधिक संख्येने रोल्स-रॉइसच घेतली. पैसे यंत्रासाठी मोजले जात होते की देवळाच्या महिरपीसाठी, हे यावरून उघड व्हावे.

धुके आणि शेण

दुसऱ्या महायुद्धानंतर नावांची परंपरा पक्की झाली. 'सिल्व्हर रेथ', 'सिल्व्हर डॉन', 'सिल्व्हर क्लाउड' : छाया, पहाट, ढग. हाताला न लागणाऱ्या, आवाज न करणाऱ्या वस्तूंची ही मालिका. १९६५ च्या गाडीसाठी 'सिल्व्हर मिस्ट' म्हणजे रुपेरी धुके हे नाव योजले होते. ऐनवेळी कोणाच्या तरी लक्षात आले की, जर्मन भाषेत 'मिस्ट' म्हणजे शेणखत. धुके विरले आणि 'सिल्व्हर शॅडो' जन्माला आली. कंपनीची ही सर्वाधिक खपाची मालिका ठरली हे लक्षात घेतले, म्हणजे तो शब्दकोश वेळीच उघडला गेला हे बरेच झाले असे म्हणावे लागते. 'फँटम' हे नाव मात्र या काळात अत्यंत जपून वापरले गेले. १९५० मध्ये सुरू झालेल्या 'फँटम ४' च्या केवळ १८ गाड्या बनल्या आणि त्या राजघराणी व राष्ट्रप्रमुख यांच्यासाठीच होत्या.

सत्तरच्या दशकात 'कॉर्निश' आणि 'कामार्ग' ही फ्रान्सच्या दक्षिणेकडील स्थळांची नावे आली. त्यातील 'कामार्ग'चे रूप इटलीच्या पिनिनफरिना या शैलीकारांचे होते. ती मान्यतेपेक्षा कुतूहलाचाच विषय अधिक ठरली.

दिवाळे आणि वाटणी

१९९८ च्या पेचाचे मूळ १९७१ मध्ये आहे. 'आरबी-२११' या विमानाच्या इंजिनाचा विकासखर्च आवाक्याबाहेर गेल्याने त्या वर्षी रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. सरकारने इंजिनांचा व्यवसाय ताब्यात घेतला. मोटारींचा विभाग वेगळा काढून १९७३ मध्ये भागधारकांना विकला. १९८० मध्ये तो व्हिकर्सकडे गेला. नावाची मालकी मात्र विमानइंजिनांच्या कंपनीकडेच राहिली. मोटारींवर ते नाव झळके ते परवान्याने.

म्हणून १९९८ मध्ये व्हिकर्सच्या भागधारकांनी बीएमडब्ल्यूचे ३४ कोटी पौंड नाकारून फोक्सवॅगनचे ४३ कोटी स्वीकारले, तेव्हा खरी चावी तिसऱ्याच्याच हाती होती. बीएमडब्ल्यू ही विमानइंजिनांच्या क्षेत्रात रोल्स-रॉइस पीएलसीची जुनी भागीदार. शिवाय क्रूमध्ये नव्याने सुरू झालेल्या 'सिल्व्हर सेराफ' आणि बेंटली 'आर्नाज' या दोन्ही गाड्यांची इंजिने बीएमडब्ल्यूकडून येत होती आणि वर्षभराची सूचना देऊन ती बंद करण्याची तरतूद करारात होती. फोक्सवॅगनकडे नावाविना जाळी आणि इंजिनाविना गाडी उरण्याची वेळ आली. जुलै १९९८ मध्ये तडजोड झाली. २००२ च्या अखेरीपर्यंत फोक्सवॅगनने क्रूमध्ये रोल्स-रॉइस बनवाव्यात; त्यानंतर नाव, जाळी आणि मूर्ती हे तिन्ही बीएमडब्ल्यूकडे जावे; क्रूचा कारखाना आणि बेंटली फोक्सवॅगनने ठेवावी.

व्यापारी हिशेबाने बीएमडब्ल्यूची सरशी झाली असे त्यावेळी बहुतेकांनी मानले. तथापि, क्रूमध्ये १९४६ पासून रोल्स-रॉइस गाड्या घडवणारे हात बीएमडब्ल्यूला मिळाले नाहीत, हेही खरे. शैलीची परंपरा कागदापेक्षा हातांत अधिक असते, आणि ते हात बेंटलीकडे राहिले. १९०७ ची मूळ रुपेरी 'सिल्व्हर घोस्ट' गाडीदेखील क्रूच्या मालमत्तेबरोबर फोक्सवॅगनकडेच गेली.

कोऱ्या पाटीवर जुनी अक्षरे

बीएमडब्ल्यूपाशी कारखाना नव्हता, गाडी नव्हती. होती ती चार वर्षांची मुदत. लंडनमध्ये हाइड पार्कजवळच्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत इयन कॅमेरॉन यांच्या नेतृत्वाखाली आरेखनाचे काम सुरू झाले आणि त्यातून मारेक जॉर्जेविच यांची रचना निवडली गेली. त्यांनी जुन्या गाडीची नक्कल केली नाही, प्रमाणे उचलली. गाडीची उंची चाकाच्या व्यासाच्या सुमारे दुप्पट. बॉनेट लांब. पुढचे चाक अगदी पुढे, मागचा भाग चाकापलीकडे ऐसपैस. मागचे दरवाजे बग्गीसारखे उलट्या बाजूस उघडणारे, आणि दारात छत्री ठेवण्याची जागा. चाक कितीही फिरले तरी त्याच्या मध्यावरील दोन 'आर' उभेच राहतात, ही खुबीही याच गाडीतली. नव्या बारा सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता ६.७५ लिटर ठेवली, कारण क्रूच्या जुन्या इंजिनाची क्षमता तीच होती.

कारखान्यासाठी इंग्लंडच्या दक्षिणेकडील गुडवूड निवडले. तेथून जवळच वेस्ट विटरिंग येथे रॉइस यांचे घर होते. पहिली गाडी १ जानेवारी २००३ रोजी मध्यरात्र उलटताच ग्राहकाच्या हाती दिली गेली आणि तिचे नाव होते 'फँटम'. त्यानंतर 'घोस्ट', 'रेथ' आणि 'डॉन' आल्या. 'सिल्व्हर' हा उपसर्ग मात्र गुडवूडच्या एकाही मालिकेला लागला नाही.

याच काळात मर्सिडीजनेही 'मायबाख' हे जुने नाव पुनरुज्जीवित केले होते. त्या गाड्यांना '५७' आणि '६२' अशी नावे दिली, म्हणजे ५.७ आणि ६.२ मीटर लांबी. यंत्र उत्तम, सुखसोयी अमाप, आणि नाव जणू शिंप्याच्या वहीतले. त्यांचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. अपयशाला कारणे अनेक असतील; पण लांबीच्या आकड्याच्या प्रेमात कोणी पडत नाही, हे त्यांपैकी एक नक्कीच.

गुडवूडनेही २०१८ मध्ये भुतांची संगत सोडून पाहिली. त्या वर्षीच्या उंच, दणकट गाडीला 'कलिनन' हे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये सापडलेल्या ३,१०६ कॅरेटच्या हिऱ्याचे ते नाव. त्याचे तुकडे ब्रिटिश राजचिन्हांत, कोहिनूरच्याच शेजारी आहेत. वजन दाखवणारे नाव वजनदार गाडीला शोभते. मात्र त्यात जुन्या नावांची निःशब्दता नाही.

ती परत आली विजेच्या गाडीबरोबर. २०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या या गाडीचे नाव 'स्पेक्टर', म्हणजे पुन्हा पिशाच्च. चार्ल्स रोल्स यांनी १९०० मध्येच विजेच्या मोटारीच्या शांततेची आणि स्वच्छतेची प्रशंसा केली होती. बॅटरी भरण्याची सोय नसल्याची तक्रारही त्यांनी तेव्हाच केली होती. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी'ची मूर्ती नव्याने घडवली गेली. तिची उंची १०० मिलिमीटरवरून ८३ मिलिमीटरच्या आत आली आणि एक पाय पुढे टाकून ती अधिक वाकली. उकळते पाणी थंड करण्यासाठी जन्मलेल्या त्या जाळीला या गाडीत थंड करण्यासाठी इंजिनच उरलेले नाही. तरीही ती आहे. रोल्स-रॉइसच्या आजवरच्या कोणत्याही गाडीपेक्षा अधिक रुंद, आणि रात्री तिच्या स्तंभांमागे २२ दिवे लागतात.