मुंबईतील धूरनियंत्रण : कायदा, मोजमाप आणि इंधनबदल

भारतातील वायुप्रदूषण नियंत्रणाचा विचार सामान्यतः १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि तिला अनुसरून झालेला १९८१ चा हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम यांपासून सुरू केला जातो. मुंबईच्या बाबतीत हा आरंभबिंदू सुमारे सत्तर वर्षे उशिराचा ठरतो. या शहरासाठी धूर-उपद्रव अधिनियम १९१२ सालीच संमत झाला होता. तेव्हापासून शासनाने हवेत नेमके काय मोजले आणि हवा प्रत्यक्षात कशामुळे सुधारली, या दोन प्रश्नांची उत्तरे क्वचितच जुळतात. प्रस्तुत निबंधाचा विषय ही तफावत हा आहे.

डोळ्यांनी मोजलेला धूर

१८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांची रांगच लागली. गिरण्या वाफेवर आणि वाफ दगडी कोळशावर चाले. १९१२ च्या कायद्यापुढे बंगालचा १९०५ चा कायदा नमुना म्हणून होता. भट्ट्यांची तपासणी करणारे निरीक्षक, त्यांच्यावर देखरेख करणारा आयोग आणि मर्यादेपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्यास दंड, अशी त्याची रचना होती. बंगालच्या कायद्याने प्रेतदहनाची आणि खासगी घरातील स्वयंपाकाची आग 'भट्टी'च्या व्याख्येतून वगळली होती. प्रजेच्या धर्मात आणि घरात हात न घालण्याचे १८५७ नंतरचे धोरण येथेही दिसते. परिणामी शेणी, लाकूड आणि लोणारी कोळसा जाळणाऱ्या असंख्य चुली कायद्याच्या दृष्टीने धूर सोडतच नव्हत्या.

धूर मोजण्यासाठी त्या काळी रिंगेलमान तक्ता प्रचलित होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमीअधिक दाट जाळ्या छापलेल्या असत. निरीक्षक तो तक्ता दूर धरून धुराड्यातून निघणाऱ्या धुराच्या काळेपणाशी ताडून पाही आणि शून्य ते पाच यांपैकी एक अंक नोंदवी. हे मोजमाप धुराच्या रंगाचे होते. धुरातील गंधकाचा त्यात पत्ता नव्हता, मग श्वासाबरोबर फुप्फुसात काय जाते याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

वीज आणि मुळशी

गिरणगावाचा धूर घटण्यास दंडापेक्षा विजेने अधिक हातभार लावला, असे मानण्यास सबळ आधार आहे. टाटांच्या जलविद्युत कंपनीची वीज १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईस पोहोचली आणि एकेका गिरणीने वाफेची इंजिने मोडीत काढण्यास आरंभ केला. १९२५ मध्ये बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची आगगाडी धावू लागली. हे बदल धुराच्या तिटकाऱ्याने झाले नाहीत. बंगालहून वा परदेशातून आणाव्या लागणाऱ्या कोळशापेक्षा वीज परवडत होती, हेच त्यांचे कारण होते.

या विजेची किंमत मात्र मुंबईबाहेर चुकवली गेली. मुळशी पेट्यातील धरणाविरुद्ध १९२१ मध्ये विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा मोडून पडला, भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिरा येथील वीज मुंबईकडे वाहू लागली. मुळशीचा उल्लेख विस्थापनाच्या इतिहासात नेहमी येतो. मुंबईच्या हवेच्या इतिहासातही त्याचे स्थान आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

न दिसणारे प्रदूषण

१९५४-५५ मध्ये ट्रॉम्बे येथे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पाठोपाठ औष्णिक वीजकेंद्र आणि १९६० च्या दशकात खतकारखाना आला. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले. येथील मुख्य उपद्रव सल्फर डायऑक्साइडचा असल्याने रंगाचा तक्ता निरुपयोगी ठरला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) १९७८ पासून मुंबईसह निवडक शहरांत हवेचे नियमित नमुने घेण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या कमीअधिक प्रदूषित वस्त्यांतील रहिवाशांची ग्रामीण रहिवाशांशी तुलना केली. प्रदूषित भागांत खोकला, धाप आणि श्वसनाचे विकार अधिक आढळले. हवेचा हिशेब धुराड्याच्या टोकाऐवजी माणसाच्या छातीशी मांडण्याचा हा येथील आरंभीचा प्रयत्न होय.

१९८१ च्या अधिनियमाची अंमलबजावणी राज्यात १९८३ पासून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आली. संपूर्ण राज्य वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र घोषित होण्यास १९९६ उजाडले. दरम्यान मुंबई हायचा नैसर्गिक वायू ट्रॉम्बेच्या उद्योगांना मिळू लागला होता आणि पुढे डिझेलमधील गंधकही टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. गंधकाचा प्रश्न सौम्य झाला तो मुख्यतः याच मार्गाने.

न्यायालय आणि कण

१९९९ मध्ये वाहनांच्या धुराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली. न्यायालयाच्या आदेशाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचा मार्ग मोकळा झाला. येथे इंधनबदल प्रथमच हवेच्या कारणासाठी सक्तीने घडला. त्याचा बोजा टॅक्सीचालकांवर पडला, हेही नोंदवले पाहिजे.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनी २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी घनमीटरला वार्षिक सरासरी ४० आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. मात्र २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांच्या प्रगतीचे मूल्यमापन प्रामुख्याने १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून होत राहिले. साहजिकच रस्त्यावरील धूळ झाडण्याला आणि पाणी फवारण्याला महत्त्व आले. ज्वलनातून निघणारे आणि फुप्फुसात खोल शिरणारे कण मागे पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास महापालिकेने काढलेल्या नियमावलीतही भर बांधकामांभोवती पत्र्याचे उंच कुंपण, ओले कापड आणि पाण्याचे फवारे यांवर होता.

त्याच प्रकरणात ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत वायू वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. बेकरीची भट्टी ही खासगी घरातील चूल नव्हे. १९१२ च्या निरीक्षकांनाही तिच्या धुराड्यासमोर तक्ता धरता आला असता. गिरणीमालकांना वीज कोळशापेक्षा स्वस्त पडली होती. बेकरीवाल्यांची तक्रार मात्र नव्या भट्टीचा खर्च आणि वायूचा दर यांविषयी होती.