काँग्रेसचा अध्यक्ष, नाशिकच्या खटल्याचा न्यायमूर्ती

२०२५ मध्ये एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांची मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती म्हणून नेमणूक झाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! "असं आजवर कधी घडलंच नव्हतं," असं मला कितीतरी जणांनी ठासून सांगितलं. घडलंय मंडळी. आणि त्याची आच थेट आपल्या नाशिकला लागलीय.

नारायण गणेश चंदावरकर. जन्म १८५५, होनावरचा. मुंबईत वकील झाले, 'इंदुप्रकाश'ची इंग्रजी बाजू सांभाळली. १८८५ मध्ये हिंदुस्थानचं म्हणणं मांडायला इंग्लंडला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला काँग्रेसचे अध्यक्ष, आणि १९०१ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती! त्याच जानेवारीत आपल्या निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती रानडे गेले. त्यांच्यामागे प्रार्थना समाजाची धुराही चंदावरकरांकडे आली.

पुढचं नाशिककरांना पाठ आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. खटला मुंबईत तीन न्यायमूर्तींपुढे चालला: बेसिल स्कॉट, हीटन आणि चंदावरकर. १९०८ च्या खास कायद्यानं ज्युरी नाही, अपील नाही. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. नाशिक कटाच्या खटल्यातही हेच तिघे. २३ डिसेंबर १९१० ला सावरकरांना काळ्या पाण्याची जन्मठेप.

त्याच १९१० साली चंदावरकर 'सर' झाले. किताबाचा आणि निकालांचा संबंध मी जोडत नाही, पण लोकांच्या मनात तो जुळतोच. खुर्चीवरून उतरल्यावर १९२१ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे अध्यक्षही झाले. वकिली, राजकारण, न्यायासन, परत राजकारण.

त्यांना गद्दार म्हणणं सोपं आहे. पण ते मवाळ होते, सनदशीर मार्गावर त्यांची आधीपासूनच निष्ठा होती. म्हणून नुसता जुना झेंडा बघून निकालाचा अंदाज बांधू नका. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. नेमणूक कोण करतं? निवृत्तीनंतर काय मिळतं? आणि मुख्य म्हणजे, निकाल चुकला तर वरचा दरवाजा उघडा आहे का? कान्हेरेंसाठी तो बंद होता. न्यायमूर्ती कोणत्या पक्षातून आले यापेक्षा मला ते जास्त भयंकर वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.