राखणं आणि राखीव : गावाच्या झाडांचा इतिहास

आजचा विषय झाडांचा आहे, पण वनस्पतिशास्त्राचा नाही. तो आमचा प्रांत नव्हे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीने शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे 'राखणे'.

शेत राखतात, गुरं राखतात, शब्द राखतात, मान राखतात. या सगळ्या राखण्यात एक गोष्ट समान आहे. जी वस्तू आपल्या वापरात आहे, ज्यात आपण गुंतलेले आहोत, तिच्यावर आपण लक्ष ठेवतो. कोकणात गावाच्या वेशीवरच्या दैवताला राखणदार म्हणतात, तेही याच अर्थाने. आता याच धातूपासून झालेला दुसरा शब्द घ्या : 'राखीव'. राखीव डबा, राखीव निधी, राखीव जंगल. इथे अर्थ उलटा फिरलेला दिसतो. राखीव म्हणजे बाजूला काढलेलं, ज्याला इतरांनी हात लावायचा नाही असं. गेल्या तीनशे वर्षांत महाराष्ट्रातल्या झाडांचं काय झालं, असं कुणी एका वाक्यात विचारलं, तर आम्ही म्हणू की राखण्याचं राखीव झालं. आणि अलीकडे काही गावं उलट दिशेने चालू लागली आहेत.

सुरुवात आज्ञापत्रापासून करू. शिवजयंतीच्या सुमारास झाडांविषयीचा एक उतारा मोबाइलवर फिरतो, खाली लिहिलेलं असतं 'शिवाजी महाराजांची आज्ञा'. हा उतारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे आणि तो ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या काळातला. अमात्य शिवकाळापासून कारभारात होते, त्यामुळे त्यात महाराजांच्या धोरणाचं प्रतिबिंब आहे असं मानायला जागा आहे. पण ते महाराजांचं पत्र नव्हे. एवढा फरक आपण राखला पाहिजे.

प्रकरण आरमाराचं आहे. जहाजांना डोलकाठ्या लागतात, सोट लागतात, फळ्या लागतात. सागवानासारखं लाकूड आणायचं ते परवानगीने, कमी पडलं तर परमुलखातून विकत. मग प्रश्न येतो आंबा-फणसाचा. लाकूड कामाचं आहे, पण अमात्य सांगतात की त्यांना हात लावू नका. कारण काय देतात? झाडात देव आहे, असं म्हणत नाहीत. पाऊस कमी होईल, असंही नाही. ते म्हणतात, हे झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही. रयतेने ते लेकरासारखं वाढवलेलं असतं. तोडलं तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. आणि एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजोरी नको.

बारकाईने पाहिलं तर इथे झाड अस्पर्श नाही. ज्याने वाढवलं त्याची संमती टाळता येत नाही, एवढंच. लोक याला पर्यावरण धोरण म्हणतात. आम्हाला ते न्यायाचं धोरण वाटतं, आणि त्यामुळे जास्त मोलाचं वाटतं.

ही झाली माणसाने लावलेल्या झाडाची गोष्ट. जे कुणीच लावलं नाही त्याचं काय? त्यासाठी आपल्याकडे देवराई होती. सह्याद्रीत आणि कोकणात ठिकठिकाणी गावाच्या दैवताच्या नावाने रानाचा एक तुकडा ठेवलेला असे. कुठे दोन-चार झाडांचा, कुठे कित्येक एकरांचा. नियम गावागणिक वेगळे. कुठे वाळलेली काटकीही उचलायची नाही. कुठे पडलेलं लाकूड देवळाला चालतं, घराला नाही. मोठं झाड तोडण्याची वेळ आलीच तर देवाला कौल लावायचा. गुरव मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, प्रश्न विचारला जातो आणि कौल उजवा पडतो की डावा, याची सगळे वाट बघत बसतात.

आता यात अंधश्रद्धा आहे का? आहे, असं मानलं तरी चालेल. पण त्या रचनेकडे पाहा. एका माणसाला गुपचूप निर्णय घेता येत नाही. विचारायला यावं लागतं, सगळ्यांसमोर विचारावं लागतं, आणि उत्तर नाही असं येऊ शकतं. आजच्या किती परवानग्यांमध्ये 'नाही' हे उत्तर खरोखर शक्य असतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे झालेले आणि मध्येच दाट झाडीचा एक ठिपका, त्यात गारंबीचे प्रचंड वेल, असं चित्र त्यांनी नोंदवलं. त्यांनी सांगितलेली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिथली देवराई तोडली जाणार असं दिसल्यावर गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे मदत मागितली. का, तर गावाचं पाणी त्या राईतून येतं, राई गेली की ओढा जाईल. म्हणजे देवाच्या नावामागे गावाला हिशेबही पक्का ठाऊक होता. मावळातल्या आजिवलीच्या देवराईत तर लोक भेरली माडाची नीरा काढत आले. श्रद्धा आणि उपयोग यांची फारकत आपण शहरी अभ्यासक करतो. गावात ते एकाच पारावर बसतात.

मात्र देवराईचं गुणगान करताना आपण एक गोष्ट झाकू नये. त्या गावाला मानकरी होते, मानाची उतरंड होती. कौल कोण लावणार, आत कुठपर्यंत कोणी जायचं, हे जातीने ठरे. काही राईंमध्ये बायकांना जायला मनाई, आजही आहे. गाव राखत होतं हे खरं, पण 'गाव' या शब्दात सगळं गाव नव्हतं. हा मुद्दा आम्ही शेवटी पुन्हा काढणार आहोत.

मग राखीव कधी आलं? १८६५ चा पहिला वन कायदा आणि नंतर १८७८ चा जास्त कडक कायदा. रेल्वेला स्लीपर हवे होते, गोद्यांना सागवान हवं होतं. १८७८ च्या कायद्याआधी खुद्द वनखात्यातच वाद झाला. डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ खात्याचे प्रमुख. गावांचे वहिवाटीचे हक्क काही प्रमाणात तरी मानावेत, असं त्यांचं मत. बेडन-पॉवेल यांचं म्हणणं, लेखी सनद नसेल तर तो हक्क नव्हेच, ती सरकारने दिलेली मुभा. मुभा कधीही काढून घेता येते. कायद्यात मुख्यतः दुसरं मत उतरलं. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की हक्क आणि सवलत यांतला भेद पुस्तकी नाही. तो समजून घ्यायचा तर ठाण्याच्या शेतकऱ्याला विचारा.

ठाणे-कुलाब्याकडे भाताची रोपं राबावर करतात. उन्हाळ्यापूर्वी वरकस जमिनीतल्या ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडायचे, वाळवायचे, शेण, गवत, माती यांचे थर रचून भाजायचे आणि त्या राखेत पहिल्या पावसाला भात पेरायचं. (राखणे आणि राख यांचं नातं आम्ही जोडत नाही, निश्चिंत असा.) खात्याच्या अधिकाऱ्यांना टहाळ उतरवलेलं बोडकं झाड म्हणजे झाडाचा खून वाटे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच झाड पुढच्या वर्षी फुटायला हवं होतं, त्याच्या मुलाच्या वेळेलाही फुटायला हवं होतं. तो झाड मारून कसा चालेल? दोन्ही बाजूंना झाड जगायला हवं होतं, फक्त एकाला ते सरळ आणि उंच, फळ्या पडतील असं हवं होतं. असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाच्या बाबतीत काही सवलती मिळाल्या. पाहा, शब्द पुन्हा सवलतीच! त्याआधीच जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्याने गरिबांची चराई आणि रानातला पालापाचोळा कसा बंद केला, यावर कोरडे ओढले होते.

याचा परिणाम झाडांवर काय झाला, ते अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. माणसांवर झालेला परिणाम आम्हाला अधिक खोल वाटतो. जे रान आपलं नाही असं शंभर वर्षं सांगितलं गेलं, त्याच्याशी लोक परक्याच्या मालाशी वागावं तसं वागू लागले. गार्ड नसेल तेव्हा तोडा. मग म्हणायचं, बघा, लोकांच्या हाती दिलं तर काय होतं! १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाचा नाश अटळ आहे असा सिद्धान्त मांडला, तेव्हा तो आपल्या अधिकाऱ्यांना घरचाच वाटला असणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवलं की सामायिक म्हणजे बेवारस नव्हे. जिथे वापरणारेच नियम करतात आणि एकमेकांवर नजर ठेवतात, तिथे कुरण टिकतं. त्यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये.

त्याच २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचं सामूहिक हक्कधारक झालं. कायदा होता २००६ चा वनहक्क कायदा. पण गावाची तयारी कितीतरी आधीची. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, यांनी अभ्यासगट चालवले होते, आणि गावाचा निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, मतदानाने नाही, अशी रीत पाडली होती.

पुढे पेच आला तो आमच्यासारख्यांना गोड वाटेल असा. बांबू झाड आहे की गवत? वनस्पतिशास्त्र म्हणतं गवत. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत मात्र तेव्हा बांबू झाडांत मोजलेला होता. झाड असेल तर ते इमारती लाकडासारखं खात्याचं. गवत असेल तर गौण वनोपज, म्हणून गावाचं. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. परवाना कुणी फाडायचा, एवढ्यासाठी ही सगळी लढाई! आणि ती क्षुल्लक नव्हती. ज्याच्या हातात परवान्याचं पुस्तक, त्याला किती तोडायचं हेही ठरवावं लागतं, आणि चुकलं तर शेजाऱ्याला तोंड दाखवावं लागतं.

शहरांविषयी थोडक्यात. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शहरांत वृक्ष प्राधिकरणं आली. २०२१ मध्ये पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण मिळालं, हे चांगलंच. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेची २,००० हून अधिक झाडं दोन-तीन दिवसांत गेली. तोड सुरू झाली ती उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत झाडं पडून झाली होती. कागद पूर्ण होते. अमात्यांनी सांगितलेलं राजी करणं मात्र कुठल्या नमुन्यात भरायचं, याचा रकानाच नाही.

आता शेवटचा आणि आम्हाला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. देवराया आज अनेक ठिकाणी गावकरीच तोडत आहेत. मुंबईहून पैसा येतो, देवळाचा जीर्णोद्धार ठरतो, कौलारू देऊळ जाऊन स्लॅब पडतो, सभामंडप, वाहनतळ, फरशी. कमी पडलेल्या रकमेसाठी राईतली चार जुनी झाडं विकली जातात. कुठे कौलही लावला जातो, आणि तो उजवा पडतो! सातबाऱ्यावर पाहावं तर जमीन कुठे वनखात्याची, कुठे महसूल खात्याची, कुठे देवस्थान समितीची, कुठे खासगी. प्रत्यक्षात निर्णय मंदिर समितीचा. गावाने ठरवलं असेल तर आपण बाहेरच्यांनी बोलावं का? आत्तापर्यंत गावाची बाजू घेणाऱ्या आम्हाला हा प्रश्न चुकवता येणार नाही.

आमचं उत्तर असं आहे. त्या बैठकीत कोण होतं, ते आधी विचारा. राईतल्या झऱ्यावरून हंडा भरणारी बाई होती का? राईच्या कडेला राहणाऱ्या वाडीतला माणूस होता का, की त्याला आजही आत बोलावत नाहीत? मेंढ्याच्या रीतीप्रमाणे यांच्यापैकी एकानेही नको म्हटलं असतं, तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबला असता, आणि तोवर झाडं उभी राहिली असती.