ध्वनिमुद्रिकेचा पाठ : तबकडीपासून संगणकापर्यंत

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठेच्या काठी वसलेले हिंगणे हे खेडे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांच्या कार्यामुळे महाराष्ट्रास परिचित झाले. १८९६ मध्ये स्थापन झालेला अनाथबालिकाश्रम १९०० साली येथील माळरानावर आला आणि पुढे या परिसरास कर्वेनगर हे नाव मिळाले. कालांतराने पेठांतील वाडे सोडून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांच्या सामानात पितळी भांडी, देवघर आणि ग्रंथ यांबरोबरच काही घरी ध्वनिमुद्रिकांच्या पेट्याही होत्या. आज तेथील जुन्या बंगल्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असताना या पेट्या एक तर जुन्या बाजारात जातात, नाही तर घरातील कोणी हौसेने त्यांतील गाणी संगणकावर उतरवून घेतो. यांपैकी पहिल्या मार्गाने साधन नष्ट होते, हे उघड आहे. दुसऱ्या मार्गानेही त्याची हानी होऊ शकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हिंदुस्थानातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गौहरजान प्रभृती कलावंतांचे गायन मुद्रित केले आणि त्या मुद्रणांवरून जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकड्या छापल्या गेल्या. १९०८ पासून कलकत्त्याजवळ सियालदह येथे त्या तयार होऊ लागल्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही तबकडी ठिसूळ असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. नाट्यगृहात वन्समोर घेत रंगणारे बालगंधर्वांचे (१८८८-१९६७) पद तबकडीवर त्या मर्यादेत बसवावे लागले. म्हणजे तबकडी ही मैफलीची प्रतिकृती नव्हे. ती एक स्वतंत्र निर्मिती आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी निघाली, तेव्हा ही मर्यादा बरीच सैल झाली.

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण केवळ कर्ण्याच्या साहाय्याने होत असे. त्यानंतर सूक्ष्मध्वनिग्राहक व विद्युत् यांचा उपयोग सुरू झाला. कर्ण्याच्या मुद्रणात उच्च कंपनसंख्येचे ध्वनी फारसे उमटत नसत. भाषेच्या अभ्यासकास या तांत्रिक तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. मराठीत 'चार' या शब्दातील च तालव्य, तर 'चारा' या शब्दातील च दन्त्य आहे. हा भेद देवनागरी लिपी दाखवीत नाही. तेव्हा शतकापूर्वीच्या एखाद्या नटाने वा गायकाने विशिष्ट शब्दातील च कसा उच्चारला, याचा प्रत्यक्ष पुरावा छापील संहितेत सापडणे शक्य नाही. तो तबकडीतच शोधावा लागतो. स, श, च, ज या वर्णांतील घर्षणाची ऊर्जा मुख्यत्वे उच्च पट्ट्यात असते. तबकडीवरील खरखरीचा मोठा भागही त्याच पट्ट्यात येतो. खरखर काढण्याची आज्ञा संगणकास सरसकट दिली की तिच्याबरोबर हा पुरावाही पुसला जातो. ऐकणाऱ्यास गाणे 'स्वच्छ' झाल्याचे समाधान लाभते आणि अभ्यासकाच्या हाती बोथट उच्चार येतात.

रूपांतराची प्रत्येक पायरी अशीच निर्णयाची असते. पहिला प्रश्न सुईचा. दीर्घवादन तबकडीची सुई एक सहस्रांश इंच किंवा त्याहून बारीक असते, तर जुन्या तबकडीच्या रुंद खाचेस सुमारे तीन सहस्रांश इंचाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन धूळ व झीज यांचाच आवाज वाचीत राहते. दुसरा प्रश्न गतीचा. या तबकड्या 'अठ्ठ्याहत्तरच्या' म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी आरंभीच्या काळी मिनिटास नेमके ७८ फेरे हा नियम सर्वत्र पाळला जात नव्हता. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गायन ७८ वर वाजविले, तर स्वर जवळजवळ एका श्रुत्यंतराने नव्हे, तर पुरत्या अर्धस्वराइतका चढतो आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंदांनी आखूड होते. अशा प्रतीवरून गायकाची पट्टी ठरविणारा अभ्यासक वस्तुतः आपल्या यंत्राची पट्टी सांगत असतो. तिसरा प्रश्न स्वरसंतुलनाचा. १९५४ च्या सुमारास रूढ झालेली दीर्घवादन तबकड्यांची प्रमाणरेषा जुन्या तबकड्यांस तशीच लावली, तर उच्च ध्वनी अकारण दबतात.

अखेरचा प्रश्न साठवणीचा. सेकंदास ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट या मापाने दोन्ही वाहिन्या नोंदविल्यास तीन मिनिटांच्या मुद्रणास सुमारे १०४ मेगाबाइट जागा लागते. तेच गाणे सेकंदास १२८ किलोबिट या दराच्या एमपी-थ्री रूपात तीन मेगाबाइटांहून कमी जागेत मावते. परंतु ही बचत ध्वनीतील काही अंश कायमचा टाकून देऊन साधलेली असते.

पुण्यातील अभ्यासकांस ही समस्या अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तीत घालून दिलेली शिस्त सर्वश्रुत आहे : निश्चित केलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद तळटीपेत, नाकारले म्हणून काहीही फेकावयाचे नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत हेच तत्त्व लागू करणे इष्ट होय. कोणतीही सफाई न केलेली मूळ प्रत प्रथम जतन करावी, श्रवणसुलभ प्रत तिच्यावरून स्वतंत्रपणे तयार करावी आणि सुई, गती व संतुलन यांची नोंद दोहोंसोबत ठेवावी. लेबलावरील मजकूर आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला साचाक्रमांक हे तर हस्तलिखिताच्या पुष्पिकेसारखेच आहेत. आरंभीच्या कित्येक मुद्रणांच्या शेवटी गायक आपले नाव स्वतः उच्चारतो. गाणे संपले म्हणून तेवढा भाग कापून टाकणे म्हणजे पुष्पिका फाडणे होय.

अशा जतनाचे फळ काय मिळते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्या सर्वेक्षणाशी संलग्न म्हणून १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील अनेक भाषा व बोली तबकड्यांवर मुद्रित करण्यात आल्या. दीर्घकाळ ग्रंथालयांच्या कपाटांत राहिलेली ही सामग्री संगणकीय रूपामुळे आज कोणाही विद्यार्थ्यास ऐकता येते. खाजगी संग्राहकांच्या क्षेत्रात १९९० मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. कायद्याची अडचणही वाटते तेवढी नाही. १९५७ च्या अधिनियमातील विद्यमान तरतुदीनुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. मात्र त्यातील काव्य व संगीतरचना यांचे हक्क निराळे असून त्यांचा वेगळा विचार करावा लागतो.

कर्वेनगरातील एखाद्या माळ्यावरची पेटी म्हणूनच केवळ स्मरणरंजनाचे साधन ठरत नाही. तीतील प्रत्येक तबकडी हा एका काळच्या मराठी उच्चाराचा व गायनाचा दस्तऐवज आहे आणि सुई फिरते तसतसा तो थोडा थोडा झिजतही असतो. काही तबकड्यांच्या बाबतीत चांगल्या वादनाची संधी कदाचित एकदाच मिळेल. त्या एका वेळी यंत्रापुढे बसणाऱ्याने आपण गाणे उतरवून घेत नसून पाठ सिद्ध करीत आहोत, एवढे भान ठेवले, तर पुढील पिढीच्या अभ्यासकास विश्वासार्ह साधन लाभेल.